सरकीतली बोट

सोमवारी कॉलेजात बोट आली. ट्रकमधून आली. दुपारी ती हौदात उतरवली. संध्याकाळी सुगतने वल्हवण्याच्या मंडळात नाव दिलं, आणि मला न विचारता माझंही दिलं.

सुगतला जाऊन आता वर्ष होत आलं आहे. त्याच्याबद्दल लिहायला बसलो की पहिलं पान त्या बोटीपाशीच येऊन थांबतं, म्हणून तिथूनच सुरू करतो. मी हळू लिहितो. अकोल्याच्या एका वाचनालयात आयुष्य काढलेल्या माणसाला घाई करायची सवय राहत नाही. शिवाय हे लिहून संपलं की त्याच्याशी बोलायला निमित्त उरणार नाही, हेही आहेच.

आमचं कॉलेज जहाजावर नोकरीला जाणारी मुलं तयार करायचं, आणि ते उभं होतं बडनेऱ्याच्या पुढे, अकोल्याच्या रस्त्याला, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरांमध्ये. समुद्र कुठल्या अंगाला आहे हे सांगायलाही तिथं नकाशा लागायचा. संस्थाचालक भाऊसाहेबांची एक शाळा होती, एक आयटीआय होतं आणि कापसातून सरकी वेगळी काढायचं एक जिनिंग होतं. त्यांच्या कुणा पाहुण्याने मुंबईहून येऊन सांगितलं की जहाजांवर माणसं कमी पडून राहिली आहेत, आणि भाऊसाहेबांनी लगेच इमारतीचं काम काढलं. खिडक्या गोल ठेवल्या, जहाजाला असतात तशा. एप्रिल महिन्यात त्या वर्गांमध्ये बसलं की आपण गोवऱ्यांच्या आरात पुरलेले रोडगे आहोत असं वाटायचं. जमिनीला डेक म्हणायचं, जिन्याला लॅडर म्हणायचं, स्वयंपाकघराला गॅली म्हणायचं, असा नियम होता. मेसच्या आचाऱ्याला मात्र हे शेवटपर्यंत जमलं नाही. तो दाराशी येऊन "चला, पंगत बसली" असंच ओरडायचा, आणि त्या हाकेला आम्ही जितके धावलो तितके भोंग्याला कधी धावलो नाही.

प्राचार्य मात्र खरेखुरे कॅप्टन होते. रत्नागिरीकडचे, उभी हयात समुद्रावर काढलेले. बायको अमरावतीची म्हणून निवृत्तीनंतर इकडे आले होते. जहाजावर माणूस कामाने खचत नाही, रिकाम्या वेळाने खचतो, असं त्यांचं मत होतं. म्हणून शनिवारची दुपार मंडळांसाठी राखलेली. एकही मुलगा मंडळाबाहेर राहिलेला त्यांना चालायचा नाही. गाठी मारण्याचं मंडळ होतं. त्यातला नांदगाव खंडेश्वरचा एक मुलगा सुटीत घरी गेला आणि गोठ्यातल्या बैलाला जहाजी गाठ मारून परत आला. त्याच्या वडिलांना ती गाठ सुटेना. दावं कापावं लागलं. पुढच्या शनिवारी ते स्वतः एसटीने आले, मुलाला चार शब्द सुनावले, आणि मग मंडळात बसून ती गाठ शिकून गेले.

निशाणांचं मंडळ त्याहून उद्योगी. दोन हातांत दोन निशाणं धरून अक्षरं दाखवायची आणि दुरून वाचायची, असं ते शास्त्र. त्या मुलांनी ते फार लवकर उपयोगात आणलं. एकजण काहीतरी कारण काढून पाण्याच्या टाकीवर चढायचा, तिथून मेसमध्ये कोणती भाजी शिजते आहे ते पाहायचा आणि निशाणं हलवून वर्गाला कळवायचा. खिडकी गोल, त्यामुळे एका वेळी एकालाच दिसायचं. तो वाचून बाकीच्यांना सांगायचा. कॅप्टन साहेबांनाही निशाणं वाचता येतात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एकदा तारे पाहून दिशा कशी काढायची हे सांगता सांगता ते खिडकीकडे पाहत थांबले, "आज पुन्हा वांगं," म्हणाले, आणि ताऱ्यांकडे परत वळले.

मी भित्तिपत्रक मंडळात होतो. मंडळ म्हणजे मी आणि डिंकाची बाटली. मी सतत वाचत असायचो म्हणून पोरं मला मास्तर म्हणत, आणि हे नाव मला सुगतने दिलं होतं.

वसतिगृह अर्धवट बांधलेलं, त्यामुळे बाहेरगावच्या मुलांना कुठं ना कुठं खोली शोधावी लागायची. मी हिवरखेडचा. पहिल्याच दिवशी सुगत माझ्या बाकावर बसला, माझा डबा खाल्ला, आणि आठवड्याच्या आत मी माझी ट्रंक घेऊन भातकुलीला त्याच्या घरी राहायला गेलो. आता या सगळ्याकडे पाहतो तेव्हा वाटतं, मला त्याने कुठल्याच गोष्टीत विचारलं नाही, आणि त्यातलं काही चुकलंही नाही.

त्या घरात तिघं होती. सुगत, त्याची आई आणि त्याचे बाबा. बाबा भाऊसाहेबांच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. दिवसभर मशिनींच्या आवाजात राहिल्यामुळे असेल, घरी ते फार कमी बोलत, आणि बोलले की मोठ्याने बोलत. आई तिथल्या आरोग्य केंद्रात नर्स होती. गाव तिला सिस्टरबाई म्हणायचं. सुगत माय म्हणायचा, मग मीही माय म्हणू लागलो. पुढच्या खोलीत एक बुद्धमूर्ती होती. तिच्यापुढे माय सकाळी मेणबत्ती लावायची, आणि मग अंगणात सूप घेऊन बसायची. ज्वारी असो, तूर असो, रोज काहीतरी पाखडायला असायचंच. मी त्या आवाजाने जागा व्हायचो. सप्, सप्, आणि मग फोलपट उडाल्याची हलकी फुर्र. गजराचं घड्याळ त्या घरात नव्हतं, आणि ते कधी लागलंही नाही.

भातकुलीचं पाणी खारं. सगळा पट्टाच खारपाणाचा. चहाला नळाचं पाणी घेतलं तर दूध फाटायचं, म्हणून चहापुरतं गोडं पाणी वेगळ्या माठात ठेवलेलं असे. बाकी सगळं खाऱ्यात. वरणाला मीठ हात राखून घालावं लागे. समुद्राच्या पाण्याची चव कशी असते हे कॅप्टन साहेब पहिल्या तासाला सांगत होते, तर सुगत उठून म्हणाला, "साहेब, थे आमच्या घरी नळाले येते." रात्री जेवायला भाकर, जवसाची चटणी, हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची भाजी, फुणके-कढी केली की माय माझ्या ताटात एक फुणका जास्त टाकायची आणि सुगतला सांगायची, थो वाचते, त्याले भूक लागते. तू कायले खातं?

आता मुद्द्याची गोष्ट. सुगतला समुद्रावर जायचं होतं. दुसरं काहीही त्याला नको होतं. आणि मायचं त्याला नाही होतं. मग तिने त्याला या कॉलेजात घातलं कसं, असं कुणीही विचारेल. मीही बाबांना विचारलं होतं. ती स्वतः कॉलेज पाहायला आली होती, म्हणे. चारी बाजूंनी फिरली, हौदात डोकावली, तिथं पाण्याचा थेंबही नाही याची खात्री केली आणि मग हो म्हणाली. तिला वाटलं, पोराची हौस होऊन जाईल. तिची भीती उगाच नव्हती. विहिरीत, नदीत गेलेली माणसं शेवटी तिच्याच केंद्रात आणत. पण त्याहून आतली एक गोष्ट होती, ती मला फार हळूहळू कळली. ती कधीच कुणाला निरोप द्यायला फाट्यावर जायची नाही. सख्खी बहीण माहेरपण करून निघाली तरी ही आत भांडी घासत बसायची. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "जाणाराची पाठ दिसते रे बाबू. मले नाही पाहवत."

भांडून, रुसून सुगत गेला असता. तसं त्याला जायचं नव्हतं. मायने हो म्हणावं आणि मग जावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि शेवटचं वर्ष निम्मं सरलं तरी ते होत नव्हतं.

अशात ती बोट आली. भंगारात निघालेल्या कुठल्याशा जहाजाची, नारिंगी रंगाची, फायबरची. पोहण्यासाठी खणलेल्या हौदात तिला ठेवलं. हौदाला निळ्या फरशा होत्या आणि पाणी कधीच आलेलं नव्हतं, त्यामुळे दुरून पाहिलं तर बोट तरंगते आहे असा भास व्हायचा. भाऊसाहेबांना तेवढं पुरे होतं, त्यांनी तिचा फोटो काढून माहितीपत्रकावर छापला. आम्हाला पुरत नव्हतं. सहाजण वल्ही घेऊन बसले आणि हवेत ओढू लागले. हवेला धरायला काही नाही. पहिल्याच ओढीला सहाही जण मागच्या मागे पाय वर करून पडले. सुकाणू माझ्याकडे दिलं होतं, कारण अंगाने मीच सगळ्यात हलका. मला पडायचीही गरज नव्हती. मी नुसता बसून होतो.

मग कापसाचा हंगाम भरात आला आणि भाऊसाहेबांच्या जिनिंगमध्ये सरकी ठेवायला जागा उरली नाही. रिकामा हौद त्यांच्या डोळ्यासमोर होताच. एका शनिवारी आम्ही पाहतो तो हौद काठोकाठ सरकीने भरलेला, आणि बोट तिच्यात कमरेइतकी रुतलेली. कॅप्टन साहेब काठावर उभे होते. रागाने त्यांची टोपी तिरकी झाली होती. तेवढ्यात सुगत सरकीवरून चालत, अर्धा बुडत बोटीपर्यंत गेला, वल्हं घेतलं, सरकीत खुपसलं आणि ओढलं. वल्ह्याला धर मिळाला. त्याने साहेबांकडे पाहिलं. मग साहेबांनी टोपी सारखी केली आणि आम्हा सगळ्यांना म्हणाले, "बसा."

असा आमचा सराव झाला. जगात दुसरीकडे कुठं सरकीत वल्हवायला शिकवलं असेल असं मला वाटत नाही. सरकीची एक रीत असते. वल्हं नुसतं टेकवून भागत नाही, ते उभं खुपसावं लागतं. मग अंग टाकून ओढावं लागतं. आणि शेवटी झटका देऊन उपसावं लागतं, नाहीतर ते आतच राहतं. म्हणून मी हाक द्यायचो: खुपस, ओढ, झटक. खुपस, ओढ, झटक. पोरांचे दंड भरले. तिन्ही हाकांना सहा वल्ही एकदम चालू लागली, आणि येणारे-जाणारे पाहायला थांबू लागले. बोट अर्थातच जागची हलली नाही. त्यामुळे मला सुकाणू फिरवायचा प्रसंगच आला नाही, आणि ते राहून गेलं आहे हेही कुणाला सुचलं नाही. आम्ही सगळे मिळून न हलणारी बोट चालवण्यात अतिशय तरबेज झालो.

मार्चमध्ये सरकी विकली गेली. हौद मोकळा झाला आणि भाऊसाहेबांनी ठरवलं की स्नेहसंमेलन अमरावतीच्या बाहेरच्या तलावावर करायचं, पाहुण्यांसमोर बोट चालवून दाखवायची. कॅप्टन साहेबांनी आधी चार दिवस पाण्यावर सराव मागितला. क्रेन दोनदा कोण आणणार, असं म्हणून भाऊसाहेबांनी तो विषय संपवला. मी मात्र बिनघोर होतो, कारण बिनघोर नसायला पाण्यावर गेलेलं असावं लागतं.

आदल्या रात्री जेवताना बाबा एकदम मोठ्याने म्हणाले, "पाहून तं घे एकवेळ." कुणाला म्हणाले ते सांगावं लागलं नाही. मायने तव्यावरची भाकर उलटली, शेकली, सुगतच्या ताटात टाकली. मग म्हणाली, "त्या काठाले जाऊन वापस ये. मंग सांगतो मी."

सुगत त्यानंतर जेवलाच नाही म्हटलं तरी चालेल. त्याची भाकर मी खाल्ली.

तलावावर मांडव होता, भाऊसाहेबांचं भाषण होतं, निशाणांच्या मंडळाने पाहुण्यांचं स्वागत निशाणं हलवून केलं आणि पाहुण्यांना वाटलं पोरं माशा हाकलत आहेत. माय आली होती. केंद्रातली बॅग सोबत घेऊन आली होती, आणि ती खाली ठेवायला तयार नव्हती. आम्ही सुरक्षेची जाकिटं घालून बोटीत बसलो. वल्हवणारे बोटीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसतात, आणि सुकाणूवाला एकटा पुढे पाहतो. त्यामुळे माझ्यासमोर तलावाचा पलीकडचा काठ होता, आणि त्याच्या आधी, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल असा, सुगत. तो पाहत होता माझ्या खांद्यावरून मागे, मायकडे. माय मला दिसत नव्हती. ती काय करते आहे हे मला त्याच्या तोंडावरून कळत होतं.

मी हाक दिली, खुपस. सहा वल्ही उभी पाण्यात गेली आणि जातच राहिली. पाण्याला सरकीसारखा तळाचा आधार नसतो हे आम्हाला तेव्हा कळलं. ओढ म्हणालो तर डावीकडची तीन आत अडकली आणि उजवीकडची सुटली. झटक म्हणालो तेव्हा इतकं पाणी उडालं की माझ्या चष्म्यावरून तलाव दिसेनासा झाला. बोट फिरू लागली. ती सरळ करायला मी सुकाणू ज्या बाजूला जायचं त्या बाजूला दाबलं, आणि बोट बरोबर उलट्या बाजूला अधिक जोराने वळली. आम्ही काठापासून थोड्याच अंतरावर गोल गोल फिरत होतो, आणि मी न थांबता, मोठ्याने, अगदी ठेक्यात, खुपस ओढ झटक ओरडत होतो. काठावर हशा उठला. कुणीतरी म्हणालं, "सरकी पेरली आता तेल काढून राहिले काय बे?" कॅप्टन साहेबांनी शिट्टी तोंडात धरली होती, पण वाजवली नाही. त्यांनाही माय कशासाठी आली आहे हे माहीत होतं.

बोट फिरता फिरता एकदा मला काठ दिसला. माय चपलेसकट पाण्यात उतरली होती. बॅग डोक्याच्या उंचीवर धरलेली.

सुगतने वल्हं थांबवलं. "मास्तर, झटक बंद कर."

"मग काय म्हणू?"

त्याने क्षणभर विचार केला. "माय पाखडते तसं. वरच्यावर."

बाकीच्या पाचजणांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांच्याही घरी सकाळी तोच आवाज होता. सुपाचं टोक खाली जातं न जातं तोच वर येतं. खोल जायचं नसतं, खेचायचं नसतं, नुसतं हलकं घ्यायचं आणि सोडायचं. मी डोळे मिटले, भातकुलीच्या अंगणात पडलो आहे असं मानलं, आणि म्हणालो, सप्. वल्ही टेकली आणि निघाली. सप्. बोटीच्या नाकाखाली पाणी कुजबुजलं. सप्. सुकाणूला मी हात लावायचं सोडून दिलं, आणि ते तिला फार मानवलं. बोट निघाली. थोडी तिरकी, पण निघाली.

मी सुगतकडे पाहत होतो. तो माझ्या मागे पाहत होता. आधी त्याचे ओठ आवळलेले होते, मग सैल झाले, मग तो हसू लागला. काठ जसा लांब जाऊ लागला तसा त्याला नीट पाहायला मान थोडी उंच करावी लागत होती. पलीकडे एक म्हैस पाण्यात बसली होती. तिच्यापाशी आम्ही वळलो. ती उठली नाही.

परत येताना मायकडे तोंड करून बसलेला मी होतो, आणि तिला दिसत होती ती सुगतची पाठ. ती पाण्यातच उभी होती. बॅग खाली आली होती, बाबांनी घेतली होती. ती त्या पाठीकडे पाहत होती, आणि पाठ मोठी होत येत होती. तिने नजर काढली नाही. भांडी घासायला तिथं भांडी नव्हती हे खरं, पण तिला वळून मांडवात जाता आलं असतं.

बोट लागली, सुगत उतरला. लोक टाळ्या वाजवत होते, भाऊसाहेब माइकवर काहीतरी सांगत होते. मायने आधी त्याचं ओलं डोकं पदराने पुसलं. आम्ही सगळे भिजलेले उभे होतो, आणि त्याच्याइतकाच मीही ऐकत होतो.

"जाताना तोंड इकडंच होतं तुहं," ती म्हणाली.

"वल्हवणाऱ्याचं तसंच असते माय."

"आन् येताना पाठ."

"हो."

तिने ओला पदर पिळला. "मंग जाय," म्हणाली. "पण असाच जाशीन."

त्या वर्षी डोळ्यांच्या तपासणीत मला लाल आणि हिरवा दिवा वेगळा ओळखता आला नाही, आणि माझं समुद्रावर जाणं तिथंच संपलं. मला फारसं वाईट वाटलं नाही. न हलणाऱ्या बोटीवर माझं बरं चाललं होतं. सुगत गेला. जहाजावर चढला, उतरला, पुन्हा चढला, असं पुढे वर्षानुवर्षं चाललं. प्रत्येक वेळी निघताना तो खांद्यावर बॅग घेऊन अंगणातून फाटकापर्यंत उलटा चालायचा, तोंड मायकडे करून. माय दारात उभी राहायची आणि मागे दगड आहे, मागे कोंबडी आहे, असं सांगत राहायची. आणि परत आला की फाटकाशी वळून पाठमोरा आत यायचा. शेजारची पोरं हसायची, पुढे त्या पोरांची पोरं हसू लागली. बाबा गेले त्या वर्षीही त्याने ते चुकवलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तो घरीच आजारी पडला आणि घरीच गेला. त्याला अंगणातून नेलं तेव्हा माय दारात उभी होती. त्याचं तोंड कोणत्या बाजूला होतं ते मी पाहिलं नाही. मी खांदा दिला होता, मला पुढे पाहावं लागत होतं. तिने पाहिलं असेल.

कॉलेज कधीच बंद पडलं. हौदाच्या फरशा लोकांनी नेल्या, तिथं माती साचली, आणि मागे राहिलेल्या सरकीतून पऱ्हाटी उगवली. कुणी पेरत नाही, कुणी वेचत नाही. बोट तिथंच आहे, पऱ्हाटीत. माय भातकुलीला आहे. दिसतं कमी, पण सूप अजून तिच्या हातात असतं. मी रविवारी अकोल्याहून जातो, दुपारी जेवतो, उन्हं उतरली की निघतो. निघताना फाटकापर्यंत उलटा चालतो. माय म्हणते, पडशीन. मी अजून पडलो नाही.